सलूनवाल्याच्या हातून

सलूनवाल्याच्या हातून त्याचा सख्खा नातू पडला आणि त्या पोराची वाचा बसली, ही गोष्ट त्या रस्त्यावर कुणालाही विचारा, तोंडपाठ सांगेल. समोरचा किल्लीवाला सांगेल, कोपऱ्यावरचा औषधवाला सांगेल, तेव्हा जन्मलीही नव्हती अशी पोरंसोरं सांगतील. स्वतःच्या मुलाची इयत्ता विचारली तर डोकं खाजवणारी माणसं, पण शेजारच्या घरातली पडझड कशी अगदी तारीखवार लक्षात! असो. बोलणाऱ्याचं तोंड कुणाला धरता आलंय?

त्यातली मौज अशी, की हा माणूस नावाजलेला होता तो हातासाठीच. उभा जन्म त्याने लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवण्यात घालवला आणि एकाच्याही कातडीवर कधी ओरखडा उठला नाही. दुकान म्हणजे दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, त्याच्या कडेला पारा उडून पडलेले काळे डाग, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक गुळगुळीत फळी. मूल आलं की ती फळी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायची आणि पोराला वर बसवायचं. फळीवर बसण्याइतकं मोठं नसेल तर आईला किंवा बापाला खुर्चीत बसवून पोर मांडीवर द्यायचं आणि दोघांवर मिळून एकच चादर गुंडाळायची. एका चादरीतून दोन डोकी बाहेर आलेली आरशात दिसली की रडणारं पोरसुद्धा गप्प व्हायचं. गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून आया आपल्या बाळांचे पहिले केस कापायला त्याच्याकडे यायच्या. टकल्या गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "तुमचं काम अवघड हो. कापायचे थोडे, शोधायचेच फार."

सून घरात आली तेव्हा सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि मागच्या खोलीत सलूनवाल्याची थोरली बहीण. तिला सगळे आत्याबाई म्हणत. आईबाप लवकर गेल्यावर तिनेच भावाला वाढवलेलं, त्यामुळे तो तिच्यापुढे कायम दहा वर्षांचा. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि त्याच्या जिभेला तिच्यापुढे जागा नव्हती.

सून वीज कंपनीच्या तक्रार विभागात फोन घ्यायची. दिवसभर अनोळखी माणसांच्या शिव्या खायच्या आणि मधाळ आवाजात म्हणायचं, "आपली तक्रार नोंदवली आहे." संध्याकाळी घरी आली की ती सासऱ्याला एकेकाची नक्कल करून दाखवायची आणि तो हातातला कप खाली ठेवून हसायचा. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस सरळ, पण बोलायला इतका कंजूस की लिफ्टही त्याच्यापेक्षा जास्त आवाज करत असेल. त्यामुळे घरात गप्पा व्हायच्या त्या सासरा-सुनेच्याच. ती त्याला बाबा म्हणायची. तिचे स्वतःचे वडील तिला आठवतही नव्हते, त्यामुळे ते 'बाबा' नुसतं नात्यापुरतं नव्हतं.

मग मूल झालं. डोक्यावर जन्मतःच काळ्याभोर कुरळ्या केसांचं टोपलं. सलूनवाला हरखून गेला. "आमच्या खानदानात चाळिशीच्या आत सगळे गुळगुळीत. हे गिऱ्हाईक आलं कुठून?" त्यानेच नाव पाडलं, कुरळ्या. पाळण्यातलं नाव कागदावरच राहिलं. सून कामावर परत जायला लागली तेव्हा बाळ दिवसभर आजोबाकडेच असायचं, दुकानात, आरशासमोर ठेवलेल्या टोपलीत. गिऱ्हाईक दाढीचा फेस तोंडाला लावून बसलेलं असायचं आणि हा बाटलीचं दूध तपासत असायचा.

पहिला वाढदिवस होऊन गेला आणि मग हळूहळू कुजबुजीला सुरुवात झाली. पोर बोलत नाही. पोर बघत नाही. डब्याचं झाकण तासन्‌तास फिरवत बसतं. हाक मारली तर ढिम्म. डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले, आणि एका पांढऱ्या खोलीत एक शब्द मिळाला. ऑटिझम. स्वमग्नता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की हे जन्मापासूनच असतं, कुणाच्या चुकीने होत नाही. पण ऐकणाऱ्याला त्या वेळी कुणाची तरी चूक हवीच असते. तिच्यावाचून झोप लागत नाही.

आत्याबाईंना ती तिथल्या तिथे सापडली. "आई घरात नाही तर पोर बोलायला शिकणार कुणाकडून? दिवसभर परक्यांशी गोड बोलायचं, आणि पोटच्या पोराशी बोलायला वेळ नाही." एकदा म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. मग नणंद म्हणाली, मग चुलत सासू म्हणाली. उचलली जीभ लावली टाळ्याला. एका रविवारी सगळा गोतावळा वरच्या खोलीत जमला आणि सुनेने नोकरी सोडायची हे जवळजवळ ठरवूनच टाकलं. सून मान खाली घालून बसली होती. नवरा खिडकीबाहेर बघत होता. तिला भांडायला शब्द सापडत नव्हते असं नाही. दिवसाला पन्नास लोकांशी भांडून ती पोट भरत होती. पण खरं सांगायचं तर आतून तीही तेच म्हणायला लागली होती. मी घरी असते तर. मी बोलले असते तर. माझ्यामुळेच. तिची जेवणावरची वासना उडाली होती. जिन्यातून खाली बघताना तिच्या मनात नको ते विचार येत होते. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दारात उभा असलेला सलूनवाला म्हणाला, "माझ्या हातून पडला तो."

सगळे वळले.

"दुकानात. फळीवरून. वाढदिवसानंतर तीन-चार आठवड्यांनी. डोक्यावर आपटला. मी कुणाला बोललो नाही. तेव्हापासून हे असं आहे."

खोली एकदम गार पडली. पहिल्या भानावर आल्या त्या आत्याबाई, आणि त्यानंतर जे तोंड सुटलं त्याला धरबंध नव्हता. सुनेच्या डोक्यावरचं सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. तो ऐकत उभा राहिला. नोकरीचा विषय कुठल्या कुठे गेला, पुन्हा कधी निघालाच नाही.

सून मात्र उठली ती थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. गेले कित्येक दिवस जी बाई भिंत धरून चालत होती, तिचा आवाज खाली रस्त्यावर गेला.

"इतके दिवस मला जळताना बघत होतात? आणि तोंड शिवून बसलात?" मग म्हणाली, "यापुढे तुमचा हात माझ्या लेकराला लागता कामा नये. कधीच. मेलात तरी."

तो म्हणाला, "बरं."

आठवडाभरात त्यांनी गावाच्या दुसऱ्या भागात भाड्याने घर घेतलं. नवऱ्याने सामान बांधलं, बोलला काहीच नाही. बापाकडे तो अधूनमधून एकटा जायचा. सून नोकरीवर जायची, संध्याकाळी मुलाला घेऊन थेरपीला जायची, जिथे कुणी उपाय सांगेल तिथे जायची, पुस्तकं आणून वाचायची, शाळांचे उंबरे झिजवायची. दाराशी नाही म्हणणाऱ्या मुख्याध्यापिकेसमोर ती न हलता उभी राहायची. लोक म्हणायचे, काय बाई आहे ही! रोज सकाळी डोळे उघडले की तिला आधी सासऱ्याचा राग यायचा, आणि त्या रागावर ती अंथरुणातून उठायची.

म्हाताऱ्याने तिचा शब्द अक्षरशः पाळला. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी, कुणाच्या लग्नाकार्यात समोरासमोर आले, तर तो लांबच्या खुर्चीत बसायचा आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवायचा. पोर त्याच्याजवळून पळत गेलं तरी अंग आक्रसून घ्यायचा. पोराला कात्रीचं भय होतं. मशीनच्या घरघरीने ते उलटी करेपर्यंत रडायचं. म्हणून सून त्याचे केस तो झोपलेला असताना नखं कापायच्या कात्रीने जमेल तसे कापायची. एका बाजूला कान दिसायचा, दुसऱ्या बाजूला दिसायचा नाही, मागे पायऱ्या पडलेल्या. जन्मभर लोकांची डोकी नीटनेटकी करणारा तो माणूस समोर बसून आपल्या नातवाचं ते कुरतडलेलं डोकं बघत राहायचा आणि काही म्हणजे काही बोलायचा नाही. सुनेला ते बघून एक प्रकारचं बरं वाटायचं. हे वाईट आहे, पण वाटायचं.

इकडे दुकानाचंही व्हायचं ते झालं. ज्याच्या हातून घरचं मूल पडलं त्याच्या हाती आपलं मूल कोण देणार? आया यायच्या बंद झाल्या. मग त्यांच्यासोबत येणारे बापही दुसरीकडे जायला लागले. दोन खुर्च्यांची एक झाली. आत्याबाई शेवटपर्यंत मागच्या खोलीतून त्याला ऐकवत राहिल्या आणि एक दिवस गेल्या. त्याने त्यांचं सगळं केलं.

कुरळ्या आता नऊ वर्षांचा झाला होता. थोडे शब्द आले होते. पाणी, चल, बास, अजून. बाकीचं तो गळ्यात अडकवलेल्या चित्रांच्या कार्डांनी सांगायचा. हे त्याला एका बालविकास केंद्रात शिकवलं होतं. खालच्या मजल्यावर थेरपीच्या खोल्या, वरच्या मजल्यावर संशोधन. खालच्या ताई त्याला कार्ड दाखवून पाणी मागायला शिकवत. कार्ड देऊन खरंच पाणी मिळतं हे पहिल्यांदा कळल्यावर त्याने लागोपाठ इतकं पाणी मागितलं की सगळा मजला हसला होता. सून त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडली होती.

वरच्या मजल्यावर एक संशोधक बाई होत्या. वयाने लहान, बोलायला हळू, प्रत्येक शब्द तोलून वापरणाऱ्या. त्यांचा अभ्यास असा होता, की ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या पहिल्या वाढदिवसाची घरगुती व्हिडिओ चित्रणं गोळा करायची आणि बारकाईने बघायची. मूल हाकेला वळतं का, माणसांच्या तोंडाकडे बघतं का, बोट दाखवतं का. चित्रण बघणाऱ्यांना कुठलं मूल कुठलं हे सांगायचं नाही. खुणा लवकर ओळखता आल्या तर पुढच्या मुलांना मदत लवकर मिळेल, यासाठी हा सगळा खटाटोप. सुनेने लगेच होकार दिला. नवऱ्याच्या मावसभावाने वाढदिवस फोनवर टिपलेला होता. तिने तो इतक्या वर्षांत एकदाही उघडला नव्हता. कारण तिच्या मनात त्या दिवशीचं तिचं बाळ धडधाकट होतं. पडण्याआधीचं. ते बघायचं धैर्य तिला नव्हतं.

महिन्याभराने संशोधक बाईंनी तिला वर बोलावलं.

"ताई, एक छोटी अडचण आहे. घरात याला कुठल्या नावाने हाक मारायचे? चित्रणात एक आजोबा 'कुरळ्या' म्हणतायत. ती हाक आहे की ते नुसतं केसांबद्दल बोलतायत, हे आमच्या लोकांना ठरवता येईना. हाक असेल तर मोजावी लागेल."

"हाकच ती," सून म्हणाली. "तेच नाव त्याचं."

"मग एकदा माझ्यासोबत बघाल? जमेल का?"

नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. खालच्या मजल्यावर पोर थेरपीत होतं. पडद्यावर त्यांची जुनी वरची खोली आली. फुगे, केक, आत्याबाई, हसणारी नणंद. आणि गालिच्यावर बसलेलं तिचं बाळ, हातात डब्याचं झाकण. ते झाकण फिरत होतं आणि बाळ त्याच्याकडे बघत होतं. आजूबाजूला खोलीभर माणसं, पण बाळ झाकणाकडे. एवढी वर्षं इतर मुलं बघून, पुस्तकं वाचून तिला आता जे कळत होतं, ते पडद्यावर उघड्यावर मांडलेलं होतं. पहिल्या वाढदिवसालाच. पडण्याआधी.

"इथे बघा," संशोधक बाई पोराकडे बोट दाखवत म्हणाल्या. पण सुनेला पोराच्या मागे दिसला तो सासरा. तेव्हा त्याच्या मिश्या काळ्या होत्या. तो बाळाच्या पाठीमागे उकिडवा बसून हाक मारत होता. "कुरळ्या." बाळ वळलं नाही. "ए कुरळ्या." नाही. त्याने बोटांनी टिचकी वाजवली, बाळ लगेच वळलं. पुन्हा हाक मारली, नाही. तो उठून समोर आला, खाली वाकून बाळाच्या तोंडासमोर तोंड नेलं. बाळाने त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. मागे सगळ्यांचा हसण्याचा गलका चालू होता. म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. कोणाच्याही नकळत उतरलं, आणि चित्रणात कायमचं राहिलं.

मग त्याने मान वळवून कुणाकडे तरी बघितलं. कॅमेरा सरकला तेव्हा कळलं, तो तिच्याकडे बघत होता. ती दारात उभी, हातात ताटल्या, कसल्याशा विनोदावर मान मागे टाकून हसत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. नंतर त्याने बाळाला उचलून छातीशी धरलं आणि मोठ्याने ओरडून म्हणाला, "बघितलं का! हाक मारली तर कसा वळला माझ्याकडे! आजोबाला बरोबर ओळखतो लबाड!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावरच्या तिनेही वाजवल्या.

संशोधक बाईंनी चित्र थांबवलं. म्हणाल्या, "अजून एक विचारायचं होतं. तुमच्या फाइलमध्ये लिहिलंय, की मूल पडलं होतं, डोक्याला मार लागला होता. अशी मुलं या अभ्यासात घेता येत नाहीत. मेंदूच्या तपासणीत मात्र तसं काहीच दिसत नाही. किती उंचीवरून पडला? लगेच रडला का? उलटी झाली? कुठे दाखवलं होतं?"

रोज फोनवर सून लोकांना विचारायची, वीज कधी गेली, कुठल्या खांबावरून गेली, आवाज झाला का, ठिणगी दिसली का. साध्या दिव्याच्या तक्रारीला ती इतके प्रश्न विचारायची. आणि तिच्या लेकराच्या पडण्याबद्दल तिने सासऱ्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. कुणीच विचारला नव्हता. टेंगूळ कुठे आलं होतं, हेसुद्धा नाही. फळीवरून पडला म्हणे! तेरा महिन्यांचं पोर होतं ते. त्या माणसाने उभ्या जन्मात एवढ्या लहान मुलाला कधी फळीवर बसवलं नव्हतं. अशी मुलं तो मांडीवर घ्यायला लावायचा, एका चादरीत. हे तिला माहीत होतं. तिने शंभरदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी त्या दिवशी तिने ते मान्य केलं. कारण ते मान्य केलं की तिच्या छातीवरचा धोंडा दुसऱ्याच्या छातीवर जात होता.

"पडला नव्हता," ती म्हणाली. "फाइलमधलं खोडून टाका."

केंद्रातून ती पोराला घेऊन घरी गेलीच नाही. रिक्षा थेट त्या रस्त्यावर नेली.

दुपारची वेळ, दुकान रिकामं. म्हातारा बाकावर बसून चष्मा पुसत होता. दारात ती दोघं दिसताच तो उठला, हात मागे नेले आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. पोर त्याच्याकडे न बघता थेट खुर्चीकडे गेलं. खुर्ची फिरते हे त्याला लगेच कळलं. त्याने ती एकदा फिरवली, दोनदा फिरवली, मग वर चढून बसून पायाने रेटा देत फिरवली, आणि त्याच्या तोंडातून ते आनंदाचं गुणगुणणं सुरू झालं जे फक्त त्याच्या आईला माहीत होतं. म्हातारा बघत राहिला. इतक्या वर्षांत एवढ्या जवळून, एवढा वेळ त्याने नातवाला बघितलं नव्हतं.

"तेल घातलंय कालच," तो हळूच म्हणाला. "छान फिरते."

"बाबा," सून म्हणाली. किती वर्षांनी तिने तो शब्द वापरला. "कुरळ्या पडला होता का?"

"पडला होता."

"कुठे लागलं होतं?"

"डोक्याला."

"डोक्याला कुठे? पुढे, मागे? टेंगूळ आलं होतं का? मी रोज त्याला आंघोळ घालत होते, बाबा. मला कसं दिसलं नाही?"

म्हाताऱ्याने जमिनीवर पडलेले केस पायानेच बाजूला सारले. मग म्हणाला, "आता जुन्या गोष्टी कशाला पोरी?"

"मी वाढदिवसाचं चित्रण बघितलं आज. तुम्ही हाका मारताय ते बघितलं."

त्याचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "तुझ्याशिवाय आणखी कुणी बघितलं का ते? तू हसत होतीस, तुझं लक्ष नव्हतं, असं त्यात दिसतं का?"

ती बाकावर बसली. रडणं आलं ते तिला आवरेना, आणि पोर घाबरेल म्हणून तोंडावर हात दाबून धरला. म्हातारा अस्वस्थ होऊन जागच्या जागी पाय बदलत राहिला. तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे त्याला कळेना.

"मला का नाही सांगितलंत? नंतर तरी? एवढी वर्षं?"

"काय सांगणार होतो?" तो म्हणाला. "तू जिन्यात उभी राहून खाली बघायचीस. मी दुकानातून बघत होतो तुला. आत्याचं तोंड बंद करणं माझ्याच्याने झालं नसतं, तिने वाढवलंय मला. आणि तू तर तिच्यापेक्षा जास्त स्वतःला बोलत होतीस. म्हटलं, कुणावर तरी राग धरला तर ही तगेल. मग माझ्यावर का नको? मी कुठे पळून जाणार होतो?" तो पुढे म्हणाला, "आणि तगलीस. शाळा मिळवलीस, सगळं केलंस. मला पोरगा येऊन सांगायचा. मी म्हणायचो, छान."

"आणि तुम्ही?"

तो खुर्चीतल्या नातवाकडे बघत होता.

सून उठली. तिने म्हाताऱ्याचा हात मागून सोडवून पुढे ओढला. "या. माझ्यामुळे लांब राहिलात. या इकडे." तो नको नको म्हणत होता. तिने ऐकलं नाही. आईला सगळं कळतं असं आपण म्हणतो, पण पश्चात्तापात माणूस आंधळा होतो. तिने खुर्ची धरून थांबवली आणि तो हात उचलून पोराच्या डोक्यावर ठेवला.

पोर किंचाळलं. तो हात त्याच्या ओळखीचा नव्हता. नऊ वर्षांच्या आयुष्यात तो आपल्याला लागल्याचं त्याला आठवत नव्हतं. परका माणूस, परका वास, आणि फिरणारी खुर्ची मध्येच थांबलेली. ते मुठीने स्वतःच्या कपाळावर मारायला लागलं, "बास, बास, बास" म्हणत. त्याला येणाऱ्या चार शब्दांपैकी तो एक होता, आणि त्याने तो अगदी बरोबर ठिकाणी वापरला.

म्हाताऱ्याने हात विस्तवावरून काढावा तसा काढला. "चूक झाली, चूक झाली बाळा," असं म्हणत तो मागे सरत सरत दुकानाबाहेर गेला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला, पोराला आपण दिसू नये म्हणून दाराच्या आडोशाला. सुनेने पोराच्या मुठी धरल्या, खुर्ची हळूहळू फिरवायला लागली, कार्ड काढून पाण्याचं चित्र दाखवलं. किंचाळणं हुंदक्यांवर आलं, हुंदके पुन्हा गुणगुणण्यावर आले. या वेळचं गुणगुणणं आनंदाचं नव्हतं, भीतीचं होतं. तोही फरक तिलाच कळत होता.

आवाज ऐकून समोरचा किल्लीवाला रस्ता ओलांडून आला होता. दार उघडंच होतं.

"काय झालं काका? कोण रडतंय?"

"नातू आलाय माझा."

"हाच का तो? तुमच्या हातून पडलेला?"

"हो," म्हातारा म्हणाला. "हाच."

सून खुर्ची सोडून दारात आली. रस्त्यावरच्या चार माणसांनी ऐकावं अशा आवाजात ती म्हणाली, "तो पडला नव्हता. यांच्या हातून कधीच पडला नव्हता. जन्मापासूनच तो असा आहे. यांनी मला वाचवायला खोटं सांगितलं."

किल्लीवाला तिच्याकडे बघत राहिला. औषधाच्या दुकानासमोर उभी असलेली एक बाईही बघत राहिली. मग किल्लीवाल्याचे डोळे ओलावले आणि त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, नशीबवान आहात हो," तो म्हणाला. "एवढं सगळं होऊनही तुमच्यासाठी खोटं बोलते. असं मोठं मन असलेली सून मिळायला भाग्य लागतं."

"अहो, मी खरं सांगतेय," ती म्हणाली. "ऐका ना, खरंच सांगतेय." त्याने समजुतीने मान डोलावली, जणू तिने फोनवर 'आपली तक्रार नोंदवली आहे' म्हणावं तशी. आत पोराने आता "चल" म्हणायला सुरुवात केली होती.

म्हातारा तिच्याकडे बघून किल्लीवाल्याला म्हणाला, "खरंय तुमचं. फार मोठ्या मनाची आहे ती."